नसलेल्या गावाची माती

राजे पर्बतरावांना नौकाविहाराची हौस आली. नौकाविहाराला पाणी लागतं, हे दरबारातल्या शहाण्यांनी बऱ्याच बैठका घेऊन शोधून काढलं. मग तळ्यासाठी जागा पाहिली गेली. ओढ्याकाठची, खोलगट, गढीच्या सज्ज्यातून दिसणारी अशी जागा एकच होती. अडचण एवढीच, की तिथे हुलगेखेडे नावाचं गाव होतं.

"गाव? कुठलं गाव?" बखरनवीस विसाजीपंतांनी भुवया उंचावल्या. "महाराज, तिथे एक लढाई झालेली नाही. एक राजा जन्मला नाही. एखादा मेलाही नाही! म्हणजे इतिहास नाही. नकाशात तिथे पडीक माळ आहे. म्हणजे भूगोलही नाही. मग बुडवायला हरकत कसली?"

नकाशा पंतांनीच काढला होता. गच्चीवर बसून, दाट धुक्याच्या दिवशी. पण असले प्रश्न विचारायची दरबारात रीत नव्हती.

गाव बुडवायच्या हुकमाची बातमी ऐकून हुलगेखेड्याचा शेतकरी कोंडाजी धावत आला. सोबत त्याची लेक गोजरा होती.

"महाराज, आम्ही राहतो की तिथं!" कोंडाजीनं हात जोडले.

"तुम्ही आहात," पंत समजुतीनं म्हणाले. "गाव नाही."

"मग आम्ही काय झाडावर राहतो का, पंत?" गोजरानं विचारलं.

दरबार दचकला. राजे मात्र न्यायी होते; निदान बखरीत तसं लिहिलेलं होतं. ते म्हणाले, "पोरी, येत्या अमावास्येला तुमच्या गावाचा इतिहास आणि भूगोल इथे माझ्यापुढे हजर कर. कागद तुमच्याकडे नाही, शिलालेख नाही. आणि तोंडी साक्ष मी मानणार नाही, गरजवंत काहीही बोलतो. जमलं नाही, तर ओढा अडवायला सुरुवात!"

"काय हा न्याय!" दरबारानं माना डोलावल्या.

गावात हाहाकार उडाला. चावडीवर म्हातारे बडबडले, "गाव काय गाठोड्यात बांधून न्यायचं?" गोजराला त्या रडगाण्याचा कंटाळा आला. आईनं तिला घराच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या छपरावर पसरायला पांढरी माती आणायला पिटाळलं, तेव्हा ती टोपलं घेऊन आनंदानं निघाली.

हुलगेखेड्यात पडलेल्या घराची माती कुणी बाहेर टाकत नसे. जुनं घर पडलं की त्याच्यावरच नवं उभं राही. चुलीची राख, फुटकी गाडगी, भुईसपाट भिंती, सगळं पायाखाली जाई. असं करत करत गाव भोवतालच्या काळ्या रानापेक्षा चांगलं उंच झालं होतं. मधोमध एक भलामोठा खड्डा तेवढा होता. त्याला सगळे 'गढीचा खड्डा' म्हणत.

गोजरा त्या खड्ड्यात उतरली, टोपलं टेकवलं आणि एकटीच खदाखदा हसत सुटली.

अमावास्येला ती दरबारात गेली. कमरेला खुरपं, हात रिकामे.

"कुठे आहे तुझं गाव?" राजांनी विचारलं.

"महाराज, त्याच्याच सावलीत बसलाय तुम्ही! ही काय भिंत."

"शांतं पापम्!" पंत किंचाळले. "ही गढी सात नद्यांच्या पवित्र मातीची आहे. हत्तीवरून आणलेली!"

"हो का?" गोजरानं खुरपं काढलं आणि भिंत खरवडली. राख सांडली. करपलेली ज्वारी, गाडग्याची खापरी आणि काचेच्या बांगडीचा तुकडा बाहेर पडला. "सात नद्यांत स्वयंपाक कोण करत होतं, पंत? हा घ्या आमचा इतिहास. भूगोलही घ्या. काळ्या रानाच्या मातीला भेगा पडतात, ती भिंतीला चालत नाही. गढीला जुन्या वस्तीची पांढरी माती लागते. ती ह्या मुलखात एकाच जागी आहे, आमच्या 'गढीच्या खड्ड्यात'. तुमच्या पडीक माळावर!"

"ही तोंडी साक्ष झाली!" पंत गरजले. "अग्राह्य!"

"बरं, नाही बोलत." गोजरानं कोपऱ्यातली पाण्याची घागर उचलली आणि भिंतीच्या खरवडलेल्या जागेवर तिरकी धरली. "हुलगेखेडं बुडवायचा हुकूम आहे ना? अर्धं हुलगेखेडं इथं उभं आहे. इथूनच सुरुवात करते!"

"थांब! थांब!" राजे गादीवरून उडीच मारून आले. "ओल आत शिरली तर बुरूज बसेल!"

"बसू द्या की! नसलेल्या गावाची माती. तिला काय धाड भरलीय?"

राजांचा हात घागरीवर तसाच राहिला. त्यांनी खालची खापरी पाहिली, पंतांच्या तोंडाकडे पाहिलं, आणि असे हसले, असे हसले, की पागोटं सुटून खांद्यावर आलं!

"पंत, धुकं विरलं का?" ते डोळे पुसत म्हणाले. "हुकूम रद्द! गाव आहे, आणि आम्ही त्याच्यात राहतो. पोरी, तुला खिल्लारी बैलजोडी दिली. आणखी काय हवं?"

"एवढंच, महाराज. दरसाल गढीच्या डागडुजीला माती लागते. तुमची माणसं न विचारता उकरून नेतात. यापुढं विचारून न्यायची. आणि विचारायला पंतांनी स्वतः यायचं. चालत!"

"मान्य!" राजे पुन्हा हसू लागले.

"पण महाराज," पंत कळवळले, "मला तिकडचा रस्ता ठाऊक नाही!"

"सोपा आहे," गोजरा दारात आणलेल्या बैलांचा कासरा हातात घेत म्हणाली. "तुमचा नकाशा घरी ठेवा, म्हणजे चुकणार नाही!"