वत्सलाबाईंचं दार

"पान तर मिळालं ना चाचा, मग लावायला अडचण काय?"

बोटांना लागलेली खळ गनीचाचा जुन्या धोतराच्या तुकड्याला पुसत राहिले.

हर्षदा सावर्डेकर समोरच्या स्टुलावर बसली होती. मांडीवर फाइल, फाइलमध्ये झेरॉक्सचं एक पान. त्या एका पानासाठी ती चार गावांची ग्रंथालयं पालथी घालून आली होती.

मिरजेच्या एका जुन्या वाचनालयाची पुस्तकं गनीचाचा बागवान पन्नास वर्षं बांधत आले होते. हर्षदा मराठी भयकथेच्या इतिहासावर प्रबंध लिहीत होती, आणि गेले तीन महिने रोज दुपारी त्यांच्या दुकानात येऊन बसत होती. जुनी भयकथा कुठे वाचली गेली, किती वाचली गेली, हे चाचांना पुस्तक हातात घेतल्याबरोबर कळायचं. भीतीच्या पानाशी शिवण सैल होते, म्हणायचे. तिथे लोक पुस्तक घट्ट धरतात.

हे तिने वहीत उतरवून घेतलं होतं. पण मनातून तिला ते भाबडं वाटायचं.

तिची मांडणी पक्की होती. आधी मुंजे आणि हडळी. मग डाकबंगले आणि प्रवासी. मग प्रयोगशाळा, वेडे डॉक्टर, विजेची यंत्रं. चारशे बारा कथा तिने वाचल्या होत्या आणि प्रत्येकीला तिचा खण ठरवून दिला होता.

"भीती नाही वाटली कधी?" चाचांनी एकदा विचारलं होतं.

"एकदाही नाही." तिने अभिमानाने सांगितलं होतं.

आज चाचांनी हात पुढे केला. "बघू."

तिने पान दिलं. चाचांनी भिंग लावलं.

कथा नव्वद वर्षांपूर्वीची, लेखकाचं नाव पुसलं गेलेलं. वत्सलाबाई नावाची तरुण शिक्षिका खाडीकाठच्या एका गावात बदलून येते. घरात एकटीच. रोज तिन्हीसांजेला पाण्याच्या दिशेकडून तिला कुणीतरी हाक मारतं. आवाज तिच्या आईचा. आई तर दोन वर्षांपूर्वी गेलेली. एका संध्याकाळी बाई उठते, दाराच्या कडीला हात घालते...

वाचनालयाची प्रत तिथेच संपत होती. पुढचं पान कुणीतरी फाडलं होतं; तिथवर वाचून हर्षदाने पुढे न उलटताच पुस्तक मिटलं होतं.

चाचांनी झेरॉक्स वाचलं. बाई दार उघडते. चालत पाण्यात जाते. सकाळी चिखलात तिच्या वहाणा सापडतात. बस.

"कसं आहे?" हर्षदाने विचारलं.

"तू सांग."

"उत्तम! त्या काळी असा शेवट करणं म्हणजे केवढं धाडस. माझं अख्खं चौथं प्रकरण ह्याच्यावर उभं आहे."

चाचा उठले. कपाटातून मूळ पुस्तक काढून त्यांनी तिच्यापुढे ठेवलं. "मागून उघड."

तिने उघडलं. फाटलेल्या पानाच्या जागी चार जाड पानं बांधलेली होती.

"पान गेलं तेव्हा मीच घातली. कोरी. वाटलं, कधीतरी कुणी शेवट आणून देईल."

पानं कोरी नव्हती. निळी शाई, जांभळी शाई, पेन्सिल. वळणदार अक्षर, पोरसवदा अक्षर, मोडीची सवय असलेल्या हाताचं अक्षर.

*बाईंनी दार उघडलं. शाळेतली सगळी मुलं कंदील घेऊन आली होती.*

*शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या, त्यामुळे बाई वाचल्या.*

*बाईंनी आतून विचारलं, आई, माझं लाडकं नाव काय? बाहेरून उत्तर आलं नाही.*

*माझी आई गेल्या वर्षी गेली. मी असते तर मीही दार उघडलं असतं. पण वत्सले, तू उघडू नकोस.*

हर्षदाने सगळी वाचली. एकतीस जणांनी लिहिलं होतं. एकानेही बाईला बुडू दिलं नव्हतं.

"ह्यांना कथाच कळली नाही," ती म्हणाली. पण आवाज तिला हवा होता तेवढा ठाम निघाला नाही.

"घाबरले होते गं."

चाचांनी खिशातलं पेन काढून तिच्या हातात दिलं. शेवटच्या पानावर खाली तीन बोटं जागा उरली होती. "लिही."

"मी? मला खरा शेवट माहीत आहे, चाचा."

"म्हणून तर."

बाहेर अजान झाली. चाचा आतल्या खोलीत नमाजाला गेले.

हर्षदाने पेन टेकवलं. खरा शेवट दोन ओळींचा होता, तिला तोंडपाठ होता. तिने लिहिलं, *बाईंनी कडीला हात लावला. कडी गार होती.*

गार होती, हे तिला कुणी सांगितलं होतं? मूळ कथेत तर नव्हतं. तिने ते वाक्य पुन्हा वाचलं. दाराबाहेर कुणीतरी उभं होतं. हाक मारायला त्याने श्वास घेतला होता...

तिच्या हातावर काटा आला.

भर दुपारी, मिरजेच्या बाजारात, शेजारी सायकलवाल्याची ठोकाठोक चालू असताना.

चाचा बाहेर आले तेव्हा ती तशीच बसली होती.

"झालं?"

"नाही. पुढे लिहवत नाही."

"का?"

तिने पेनाला टोपण लावलं. "...भीती वाटते."

चाचांचा चेहरा असा उजळला, जणू घरातली पोरगी परीक्षेत पहिली आली. त्यांनी हाक मारून दोन चहा सांगितले. एक कमी साखरेचा, तिला लागतो तसा.

चहा झाल्यावर तिने झेरॉक्स घडी करून फाइलमध्ये ठेवलं. "हे नकोच लावायला, चाचा. प्रबंधात देईन. पुस्तकात नको."

"अहं. आण इकडे."

"अहो, पण एवढ्या लोकांनी तिला..."

"ज्याने लिहिलं त्यानेही जीव ओतलाय, पोरी. त्याचं पान त्याला मिळायलाच हवं."

त्यांनी पानाच्या कडेला खळ लावली. एकतीस जणांच्या आणि तिच्या अर्धवट ओळींच्या मागे, अगदी शेवटी ते बसवलं. अंगठ्याने दाबत वरून खाली आणलं. सुरकुती पडली नाही.

हर्षदा बघत होती. तिचे डोळे भरून आले होते आणि त्याची तिला लाज वाटत नव्हती.

"म्हणजे शेवटी बाई पाण्यात जाणारच ना, चाचा?"

गनीचाचांनी पुस्तक मिटलं आणि त्यावर लाकडी फळीचं वजन ठेवलं.

"जाऊ दे की. दार आणि पाण्याच्या मधे एवढी माणसं उभी आहेत. ओलांडून दाखव म्हणावं."