पडायचे विसरलेला चेंडू

एका राज्यात एक चेंडू होता आणि तो खाली पडत नसे. ऐकणाऱ्याला गंमत वाटते, झेलणाऱ्यांना विचारा. आजोबांनी झेलला, बापाने झेलला, आता राजा धृतिसेन झेलत होता. मैदानाच्या एका अंगाला उगवतीचे लोक, दुसऱ्या अंगाला मावळतीचे. ज्याच्या हातून चेंडू सुटे त्याचा दगड होई, आणि चेंडू भुईला न टेकता पुन्हा उसळे. असे कितीतरी दगड कडेला हात पसरून उभे होते. हा खेळ कुणी काढला, का काढला, कुणालाच ठाऊक नव्हते. मूळ सापडल्यावाचून शाप सुटणार नाही, एवढे मात्र शेंबडे पोरही सांगे. सांगणारे उदंड, शोधायला कुणी जाईना.

राजाचे दंड सुजले. तो म्हणाला, "राणी, आता हात उचलत नाहीत. अमावस्येपर्यंत माझा दगड होईल."

"तोवर टिका, महाराज. मी मूळ शोधून आणते," राणी शर्वाणी म्हणाली, आणि निघाली.

रानाच्या तोंडाशी घुबड भेटले. "वाट हवी तर मोल दे. तुझी झोप दे." राणीने दिली. पुढे नदीवर बगळा भेटला. "उतार हवा तर तुझे हसू दे."

"ने," राणी म्हणाली, "तसेही बरेच दिवस वापरात नाही."

नदीपलीकडे गुहा होती. आत विझलेल्या चुलीपाशी एक म्हातारी बसली होती. तिच्यापुढे दोन पाने वाढलेली. भाताच्या जागी मोत्यांचे ढीग. म्हातारी म्हणाली, "खेळाचे मूळ हवे ना? तुझी भूक दे."

"ती नाही मिळायची, आजी. महाराज उपाशी आहेत. त्यांना वाढीन आणि शेजारी बसून जेवीन. भूकच दिली तर त्यांच्या शेजारी बसून करू काय?"

म्हातारीच्या डोळ्यांना पाणी आले. ती म्हणाली, "मी तिथली पहिली राणी. माझे दोन मुलगे राज्याच्या वाटणीवरून भांडत. मी जुने लुगडे फाडून चेंडू केला. म्हटले, एकमेकांकडे टाका. पडला की समजा पाने वाढली, जेवायला या. भांडण थांबले, पण खेळ थांबेना. चेंडू पडूच देईनात. हाका मारून घसा बसला, अन्न निवले. रागाने बोलून गेले, पाडत नाही ना? मग पडूच नये! पाडील त्याचा दगड होवो! आईची जीभ, बाई, ती लागली. तेव्हापासून वाढून बसले आहे. फार दमले गं."

"उतारा काय?"

"दोन्हीकडच्यांची पाने एका पंगतीत वाढ आणि हाक मार. कुणीतरी ऐकायला हवी."

राणी परतली तेव्हा अमावस्या आली होती. तिने मैदानात पंगत मांडली, उगवतीच्या पानाशेजारी मावळतीचे पान. गरम भात वाढला, वर तूप. म्हातारे प्रधान ओरडले, "चेंडू पडला तर राज्य बुडेल!" चेंडू राजाकडे येत होता.

"महाराज, पाने वाढली आहेत. या."

राजाने तिच्याकडे पाहिले आणि हात खाली सोडले.

चेंडू भुईवर पडला. चिंध्यांचा आवाज तो केवढा होणार! राजाचा दगड झाला नाही. कडेच्या दगडांनी हात खाली घेतले आणि पहिली गोष्ट विचारली, "हात कुठे धुवायचे?" तेव्हा राणीचे हसू परत आले. राजा दुसऱ्या घासालाच पेंगला, तिलाही त्याच्या शेजारी झोप आली. चेंडू कुणी उचलला नाही. म्हणून तो खेळ आज कुणाला येत नाही.

शेवाळलेले दोन जुने दगड मात्र पंगतीत बसले नाहीत. राणीने आग्रह केला तेव्हा थोरला म्हणाला, "आमची पाने दुसरीकडे वाढली आहेत. उशीर झाला." दोघे नदीच्या वाटेला लागले. गुहेत मोत्यांचा भात झाला होता आणि त्यातून वाफ निघत होती.

त्यांना जशी उशिरा का होईना हाक पोहोचली, तशी तुम्हाआम्हाला अन्न गरम असतानाच पोहोचो.