चढणाऱ्याचा हक्क

एकदा एक चालक घाटात परीक्षेला बसला. परीक्षा अर्थात कागदावरची नव्हती. केरबाने सपाट मुलखात दहा वर्षे ट्रक चालवला होता आणि आता त्याला पर्यटकांची मोठी बस हवी होती. मालक म्हणाला, "बाबा रे, घाटातलं मला काही कळत नाही. तात्या हो म्हणाले तर उद्यापासून गाडी तुझी. नाही म्हणाले तर राम राम!" तात्या म्हणजे त्याच घाटात चाळीस वर्षे बस चालवून केस पिकवलेले वृद्ध चालक. निवृत्त झाले तरी नवा चालक पारखायला मालक त्यांनाच बोलवी.

सकाळी चाळीस पर्यटक घेऊन बस निघाली. तात्या केबिनमध्ये केरबाच्या डाव्या हाताला बसले. केरबाने पहिली सहा वळणे अशी घेतली, की मागे बसलेल्या एका आजींच्या पेल्यातला चहासुद्धा हिंदकळला नाही. आजींनी "शाब्बास रे लेकरा" म्हटले, आणि तो मनोमन फुलला. गडी कसलेला होता यात शंका नाही. फक्त आपण कसलेले आहोत, हे त्याला जरा जास्तच ठाऊक होते.

सातवे वळण ओलांडल्यावर, दोन वळणे वर, जांभ्या दगडांनी भरलेला एक ट्रक उतरताना दिसला. रस्ता अरुंद, एका अंगाला कडा आणि दुसऱ्या अंगाला दरी. अशा जागी घाटाचा नियम स्पष्ट आहे: चढणाऱ्याला आधी वाट द्यावी, उतरणाऱ्याने थांबावे. केरबाने ऐटीत हॉर्न दिला आणि गाडी पुढे काढली. ट्रक मात्र थांबला नाही. रांगत रांगत तो खाली येतच राहिला.

"केरबा, गाडी मागं घे," तात्या म्हणाले. "मघाचं रुंद वळण आहे ना, तिथवर."

"मी का म्हणून? चढ माझा आहे, तात्या! थांबायचं त्यानं."

"हक्क तुझाच आहे. मागं घे."

प्रवाशांत चुळबुळ सुरू झाली. टोपी घातलेले एक गृहस्थ उठून म्हणाले, "अहो ड्रायव्हर, हटू नका! पुढं जायला आलोय आम्ही, मागं जायला नाही!" लोक हसले. केरबाची कानशिले तापली. चाळीस माणसांदेखत माघार, तीही परीक्षेच्या दिवशी! पण तात्या तोवर खाली उतरून बसच्या मागे गेलेही होते. त्यांनी पत्र्यावर दोन थापा मारल्या. दोन थापा म्हणजे 'येऊ दे', एक म्हणजे 'थांब'. ही भाषा साऱ्या चालकांची. केरबाने दात आवळले आणि आरशावर नजर रोवून भरलेली बस वीतवीत मागे घेतली. एक थाप पडली. बस कड्याला चिकटून उभी राहिली.

ट्रक शेजारून गेला, आणि जळक्या ब्रेकचा उग्र वास बसभर पसरला. ट्रकवाल्याने मान वळवून पाहिलेसुद्धा नाही. त्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवर गच्च आवळलेले होते. खाली एका ठिकाणी रस्ता थोडा चढतो, तिथे ट्रक आपोआप मंदावून थांबला. माणूस उतरला, त्याने चाकांखाली दगड लावले आणि डोके धरून रस्त्यातच बसला. टोपीवाले गृहस्थ खाली बसले.

तात्या परत केबिनमध्ये आले. "तुम्हाला आधी कसं कळलं?" केरबाने हळूच विचारले.

"घाटमाथ्यावरच्या देवळापाशी उतरणारी प्रत्येक गाडी थांबते. हात जोडायला थांबतो, असं आपण म्हणतो. पण तेवढ्यात ब्रेक निवतात आणि गिअर खालचा पडतो. हा थांबलाच नाही. तापलेल्या ब्रेकवर गाडी रांगते, पण थांबत नाही. मी खालून बघत होतो."

"पण तो मस्तीत असता तर? मुद्दाम न थांबलेला?"

"असता की! मस्तवाल असो नाही तर लाचार, दोघांनाही थांबणं जमत नसतं. मग थांबायचं कुणी? ज्याला जमतं त्यानं. आपले ब्रेक शाबूत होते, म्हणून आपण थांबलो. यात हरलो कुठं? हक्क काय, उद्याही तुझाच राहील. आज ही चाळीस माणसं राहायला हवी होती."

(घराघरांतली निम्मी भांडणे याच वळणावर अडलेली असतात, असे मला वाटते. दोघांचेही म्हणणे एकच: चढ माझा आहे.)

केरबाने मान खाली घातली. "म्हणजे मी नापास."

तात्या उठून मागच्या रिकाम्या बाकावर गेले, टॉवेल तोंडावर ओढला आणि कलंडले. दुसऱ्याच्या हाती गाडी असताना तात्यांनी घाटात कधीच डोळा मिटलेला नव्हता. मालकाच्या पोराच्या हाती असली तरी ते टक्क जागे राहत, हे त्या घाटातल्या साऱ्या चालकांना ठाऊक होते.

दहाव्या वळणाच्या आतच बसमध्ये घोरणे ऐकू येऊ लागले. प्रवासी हसले. केरबाने पुढचा गिअर असा अलगद टाकला, की म्हाताऱ्याची झोप मोडू नये.