टीव्हीला झालेली कावीळ

"म्हणजे तुम्हीसुद्धा त्या आढावला सामील आहात?"

बाळकृष्ण माळव्याने हा प्रश्न आपल्या गुरूला विचारला. दामूअण्णा भावसार तेव्हा ओसरीवर मेथी निवडत बसले होते. येवल्यातले जुने रंगारी. पैठणीचं रेशीम रंगवण्यात त्यांचं उभं आयुष्य गेलं. बाळकृष्ण त्यांच्या रंगखान्यात अकरा वर्षं राबला होता आणि मग स्वतःचं पैठण्यांचं दुकान थाटून बसला होता.

आढाव नावाच्या माणसाला उत्तर न देताच परत पाठवल्याचं बाळकृष्णाने आल्या आल्या सांगितलं, त्यावर अण्णा फक्त एवढंच बोलले होते, "त्या माणसाला काहीतरी उत्तर देऊन यायचंस."

तेवढ्यावरून बाळकृष्णाला संशय आला. त्याला संशय यायला तेवढंही लागत नसे. दुधवाल्याने हसून रामराम केला की तो दूध उकळून बघायचा.

"सामील असेन," अण्णा म्हणाले. "कशात, ते तरी कळू दे."

बाळकृष्णाने पिशवी मांडीवर घेतली आणि सांगायला सुरुवात केली.

तीन महिन्यांपूर्वी त्याने दुकानात भिंतभर मोठा टीव्ही बसवला होता. बाहेरगावचे व्यापारी हल्ली कापडाचा तुकडा पाठवत नाहीत, फोटो पाठवतात. तो फोटो टीव्हीवर मोठा करायचा, रंगवून आलेली रेशमाची लड त्याच्या शेजारी धरायची आणि रंग जुळतो का ते बघायचं. एवढ्यासाठी हा थाट.

गेल्या महिन्यात बेंगळुरूहून मोरपंखी साड्यांची मागणी आली. रेशीम रंगवायला दिलं सगुणाबाईकडे. बावीस वर्षं त्याचं रेशीम तीच रंगवत होती. लड आली, टीव्हीशेजारी धरली... आणि जुळेना. टीव्हीतला मोरपंखी निळा, बाईची लड हिरवट.

"मी दिलेला चांगला रंग विकला तिने," बाळकृष्ण म्हणाला. "आणि हलका वापरला."

"ती काय म्हणाली?"

"ती काय म्हणणार? म्हणे, मालक, लड जरा उजेडात न्या. म्हणे, मी फोनवर बघितला तेव्हा रंग असाच होता, तुमचा टीव्हीच निळं दाखवतो. चोराच्या उलट्या बोंबा!"

अण्णा मेथी निवडत राहिले.

"पंधरा दिवस झाले, तिला काम दिलं नाही. उद्या हिशेब करून कायमचं बंद करणार आहे."

"तिच्या घरात आणखी कोण कमावतं?"

"कोणी नाही."

हे सांगताना बाळकृष्णाने नजर चुकवली. माणूस दुष्ट नव्हता. फक्त आपल्याला कोणीतरी फसवतंय, या विचाराशिवाय त्याला झोप लागत नसे.

"आणि हा आढाव कोण?"

"नाशिकचा आहे. टीव्हीचे रंग बसवून देतो. कॅलिब्रेशन म्हणतात म्हणे त्याला. दुकानातल्या मुनिमाने माझ्या डोक्यात भरवलं, की बाईला काढण्याआधी एकदा टीव्ही तपासून घ्या. बोलावला. आठ हजार मागतो, अण्णा! टीव्ही नवा कोरा, आणि त्याचे रंग बसवायला आठ हजार!"

"काय करतो तो?"

"पडद्यावर एक डबी टांगतो. कुंकवाच्या करंड्याएवढी. मीटर म्हणतात तिला. मग पडद्यावर पांढरा चौकोन आणतो, करडा आणतो, परत पांढरा आणतो. तासभर तेच. शेवटी म्हणतो, काका, हा टीव्ही शोरूममध्ये होता तसाच भडक राहिलाय. दहा टीव्हींत उठून दिसावा म्हणून कंपनीवाले तो मुद्दाम निळा ठेवतात. मी नमुना म्हणून एकदा नीट लावून दाखवतो. पटलं तर पैसे द्या, मी कायमचं बसवून जातो. नाही पटलं तर होता तसा करून देतो."

"मग लावून दाखवला?"

"दाखवला ना. कावीळ झाली टीव्हीला! ढग पिवळे, बायकांचे चेहरे पिवळे, पांढरं धोतर पिवळं. आठ हजार देऊन चित्र बिघडवून घ्यायचं, असा हा धंदा!"

"आणि सगुणाबाईची लड?"

बाळकृष्ण ओसरीवर पुढे सरकला. त्याचा आवाज खाली आला.

"तीच तर गंमत आहे, अण्णा. आढावने लावलेल्या चित्राशेजारी ती लड धरली... आणि जुळली. तंतोतंत जुळली. आता कळला डाव?"

"नाही बुवा."

"मी चौकशी केली. आढावची मावशी सगुणाबाईच्याच गल्लीत राहते!"

अण्णा खो खो हसले. हातातली मेथी ताटात पडली.

"हसा. डबी त्याचीच, टीव्ही चुकतोय असं सांगणारा तोच आणि चूक दुरुस्त करायचे पैसे घेणाराही तोच. असल्या माणसावर कोण विश्वास ठेवेल?"

"ही शंका मात्र चांगली आहे," अण्णा म्हणाले.

बाळकृष्णाला बरं वाटलं आणि लगेच वाटलं, अण्णांनी एवढ्या पटकन मान्य कसं केलं?

"आढावचं चित्र किती वेळ बघितलंस?"

"मिनिटभर. पिवळं ते पिवळं. त्याला किती वेळ लागतो?"

"आणि आधीचं?"

"तीन महिने रोज बघतोय."

"डोळा धुतला होतास?" अण्णांनी विचारलं.

अण्णांच्या रंगखान्यात एक रीत होती. रंगवलेली लड हातात घेण्याआधी उत्तरेकडच्या ओसरीवर बसायचं आणि न रंगवलेली कोरी लड डोळ्यांसमोर धरायची. विडा चघळून संपेपर्यंत दुसरं काही बघायचं नाही. याला अण्णा डोळा धुणं म्हणत. डोळा न धुता कोणी रंगाबद्दल बोललं, तर त्याला दिवसभर चुलीला लाकडं घालावी लागत. बाळकृष्णाने पहिल्या वर्षी पुष्कळ लाकडं घातली होती.

"टीव्हीसमोर कोणी कोरी लड घेऊन बसतं का?" तो पुटपुटला.

"आढाव बसला होता की. पांढरा चौकोन लावून, तासभर."

पण हार मानील तर तो बाळकृष्ण कसला? त्याने पिशवीतून सगुणाबाईची लड काढली आणि अण्णांपुढे ठेवली.

"मीटर राहू दे. तुमच्यासारखा डोळा अख्ख्या येवल्यात नाही. चला माझ्याबरोबर दुकानात. आढावला परत बोलावतो, दोन्ही चित्रं बघा आणि एकदा सांगून टाका. तुम्ही म्हणाल ते खरं. आठ हजारही वाचतील."

अण्णांनी ती लड उचलली नाही.

"आतून कोरी लड आण," ते म्हणाले.

बाळकृष्णाने आणली. अण्णांनी ती एका हाताने उजेडात धरली. दुसऱ्या हाताचा तळवा डाव्या डोळ्यावर ठेवला.

"पिवळी," ते म्हणाले.

मग तळवा उजव्या डोळ्यावर नेला.

"पांढरी. किंचित निळी."

परत डावा झाकला. "पिवळी." परत उजवा. "पांढरी."

बाळकृष्णाला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय. मग त्याला आठवलं, दिवाळीनंतर अण्णांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. भेटायला तो सफरचंदं घेऊन आला होता.

"उजवा अजून व्हायचाय," अण्णा म्हणाले. "पुढच्या महिन्यात."

"पण... एवढा फरक?"

"पट्टी सुटली त्या दिवशी कळलं. तोवर दोन्ही डोळे एकच सांगत होते. दोघांचं एकमत. मग शंका कशाला येईल?"

"कधीपासून होतं हे?"

"डॉक्टर म्हणाले, दहा-बारा वर्षं तरी साठत आलं असेल."

बाळकृष्णाने मनात वर्षं मोजली.

"अण्णा... एकनाथ?"

अण्णांनी होकारार्थी मान हलवली.

एकनाथ हा रंगखान्यातला सगळ्यांत हुशार कारागीर होता. आकाशी रंग रंगवावा तर त्यानेच. दहा वर्षांपूर्वी अण्णा म्हणायला लागले, तुझा आकाशी हिरवट मारतो, तू रंगात काटछाट करतोस. एकनाथ वर्षभर सांगत राहिला, रंग बरोबर आहे, तुम्ही एकदा डोळे दाखवून या; धुसफूस चालली आणि एका सकाळी अण्णांनी त्याला सगळ्यांसमोर घालवून दिलं. बाळकृष्ण तेव्हा सहज अण्णांना भेटायला आला होता. अण्णांनी त्याला विचारलं होतं, आणि त्याने लडीकडे न बघताच हिरवट म्हणून सांगितलं होतं. अण्णांचा डोळा चुकेल कसा? आज ते आठवून त्याला लाज वाटली.

"तुम्ही गेलात त्याच्याकडे?"

"गेलो. नांदगावला असतो. पेट्रोलपंपावर आहे."

"काय म्हणाला?"

"बस म्हणाला. पाणी दिलं." अण्णांनी ताटातलं एक पान उचललं. "हात अगदी स्वच्छ झालेत त्याचे. रंगाचा डाग नाही कुठे. नखातसुद्धा नाही."

"माफी मागितलीत?"

"मागितली. तो म्हणाला, चहा टाकू का?"



बाळकृष्णाने सगुणाबाईची लड परत हातात घेतली. तो उत्तरेकडे तोंड करून बसला. आधी कोरी लड डोळ्यांसमोर धरली आणि तशीच धरून ठेवली, पार दंड भरून येईपर्यंत. मग मोरपंखी लड उजेडात उलगडली.

रंग चांगला होता. भरलेला, सारखा, टोकापासून टोकापर्यंत एकजीव. हलका रंग असा बसत नाही, हे त्याला पहिल्या दिवशीही कळलं असतं. जन्मात पहिल्यांदाच बाळकृष्ण माळव्याला स्वतःचा संशय आला, आणि तो त्याला अजिबात आवडला नाही.

त्याने फोन काढला. आधी सगुणाबाईला लावला. घसा खाकरत म्हणाला, "बाई, उद्या या... नाही, हिशेबाला नाही. रेशीम न्यायला या." पलीकडून काय उत्तर आलं ते अण्णांना ऐकू आलं नाही. बाळकृष्ण नुसता "हो... हो..." करत राहिला.

मग त्याने आढावचा नंबर काढला. अंगठा त्यावर ठेवला... आणि थांबला. सवय अशी एका सकाळीत जात नाही.

"पण अण्णा, आता तर कळलंच ना टीव्ही चुकतोय ते. लड मी उजेडात बघीन. बाईलाही विचारत जाईन, तिला कळतं. मग त्या आढावला आठ हजार कशाला द्यायचे? बाई तर फुकट सांगते."

अण्णांनी ताट पुढे ओढलं आणि मेथीची एक जुडी सोडली.

"एकनाथही वर्षभर फुकटच सांगत होता, बाळकृष्णा. म्हणून तर मी ऐकलं नाही."