घड्याळाच्या पट्ट्याचा कस

फार फार वर्षांपूर्वी, घड्याळांना रोज सकाळी किल्ली द्यावी लागे, त्या काळात घडलेलं सांगतो. एका डोंगरी राज्यात राजाचा घड्याळजी राहत होता. चाळीस वर्षं त्याने राजवाड्याची वेळ चुकू दिली नाही, म्हणून राजाने आपल्या मनगटावरचं घड्याळ काढून त्याला दिलं होतं. त्याचा पट्टा सोन्याचा होता.

म्हातारपणी घड्याळजी अंथरुणाला खिळला. मुलगा दरबारात कारकून, त्याचं बिऱ्हाड वेगळं. विधवा होऊन माहेरी आलेल्या मुलीनेच तीन वर्षं बापाचं सारं केलं. बाप गेला. तेराव्या दिवशी तिने घड्याळ पुसून भावाच्या हातात ठेवलं. "दादा, हे तुला द्यायला सांगितलं होतं बाबांनी."

भावाने ते अभिमानाने मनगटावर चढवलं. पण पंधरवड्यात कातडीवर हिरवट डाग उमटला. त्याच्या मनात पाल चुकचुकली आणि तो सोनाराकडे गेला.

म्हाताऱ्या सोनाराने पट्ट्याचा आकडा कसोटीच्या काळ्या दगडावर घासला. पिवळी रेघ उठली. तिच्यावर त्याने तेजाबाचा थेंब सोडला, तशी रेघ फसफसून नाहीशी झाली.

"पितळ," सोनार म्हणाला. "पण थांबा जरा. हा नुसता अडकवायचा आकडा झाला. पट्ट्याच्या कड्या वेगळ्या घासून बघायला हव्यात."

"आता बघायचं काय राहिलंय?" म्हणत भाऊ उठलाच. तीन वर्षं हे घड्याळ कुणाच्या हाताशी होतं, एवढंच त्याच्या डोक्यात फिरत होतं. खरं सांगायचं तर बापाची सेवा आपल्या हातून झाली नाही, हे त्याला आत कुठेतरी टोचत होतं. बहीण चोर ठरली, तर ते टोचणं थांबणार होतं.

ती विहिरीवर पाणी शेंदत होती. आजूबाजूला दहा-बारा बायका होत्या, दोन-चार पुरुषही होते.

"बाबांचं सोनं कुठे विकलंस?" तो ओरडला.

"कसलं सोनं, दादा?"

"पट्ट्याचं! सोनं काढून पितळ बसवलंस."

तिच्या हातातला दोर सुटला. "पुसण्यापलीकडे मी त्याला हात लावला नाही रे," एवढंच ती म्हणाली. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. दिवस मावळायच्या आत ही गोष्ट घरोघरी पोचली. लोकांचे कपडे शिवून ती पोट भरत होती. दुसऱ्या दिवसापासून तिच्याकडे कुणी कापड टाकेना. आठवड्याभरात ती घाटापलीकडे एका दूरच्या मावशीकडे निघून गेली.

वर्ष सरलं. तो पट्टा डोळ्यांसमोर नको, म्हणून भावाने वितळवायला सोनाराकडे नेला. सोनाराने सवयीने एक कडी दगडावर घासली, तेजाब सोडलं. रेघ तशीच राहिली. दुसरी कडी घासली, तिसरी घासली. रेघा झळकत राहिल्या.

"चोख सोनं आहे," सोनार म्हणाला. "आकडा तेवढा पितळेचा. तोही किती झिजलाय बघा. बसवून बारा वर्षं तरी झाली असतील. तुमच्या वडिलांनीच बसवून घेतला असणार."

बारा वर्षांपूर्वी बहीण सासरी नांदत होती. भावाने पट्टा उचलला आणि तो तसाच निघाला.

तो घाट ओलांडून गेला आणि बहिणीच्या पायांवर डोकं ठेवून म्हणाला, "घरी चल."

तिने पाय मागे घेतले. "मी कुठे येऊ? विहिरीवर ज्यांनी ऐकलं, त्यांना आधी सांग. त्यांना पटलं तर बोलाव."

तो दारोदार फिरला. पट्टा दाखवला, शपथा घेतल्या, सोनारालाही सोबत नेलं. लोकांनी सगळं ऐकून घेतलं आणि मान डोलावली. "केवढ्या मनाचा भाऊ! स्वतःच्या पदरचं सोनं घालून बहिणीचं पाप झाकतोय." तो जितकं कळवळून सांगे, तितकी त्याची वाहवा होई आणि तितकीच ती बदनाम होई.

त्याने तिला पुन्हा बोलावलं नाही. कुठल्या तोंडाने बोलावणार? काही वर्षांनी ती घाटापलीकडेच वारली. बातमी आली तेव्हा विहिरीवर एकीने विचारलं, "कोण गं ही?" दुसरी म्हणाली, "तीच, पट्टेचोर."

तात्पर्य: पुरता तपास केल्याशिवाय कुणावर आळ घेऊ नये, कारण खोटा आळ घेणाऱ्यालाही तो मागे घेता येत नाही.