पलीकडच्या काठावर हार

शेवंता वळवी पहिल्यांदाच खासदार झाल्या आणि त्यांचा पहिलाच प्रश्न गावाकडच्या नदीवरल्या पुलाचा निघाला. मंत्र्यांनी उत्तर वाचलं, "पूल पूर्ण झाला आहे."

शेवंताताईंनी आदल्याच आठवड्यात तिथे नुसते खांब पाहिले होते. बाळंतपणात अडलेल्या एका बाईला झोळीत घालून लोकांनी नदी पार केली, तेव्हा त्याही पाण्यात होत्या.

"पूल झालेला नाही," त्या उठून म्हणाल्या.

मंत्री हसले. "बाई नवीन आहेत. मग मी सभागृहात काय बोलतोय, ते त्यांनी एका शब्दात सांगावं."

जुने सदस्य सावध झाले. सभागृहात मंत्र्याला खोटारडा म्हटलं की तो शब्द कामकाजातून वगळतात, माफीवरून गोंधळ होतो आणि मूळ प्रश्न तसाच राहतो. या मंत्र्यांनी असे बरेच नवखे गार केले होते.

शेवंताताई म्हणाल्या, "अध्यक्षमहोदय, मंत्र्यांचा शब्द मला मान्य आहे. तर मग उद्घाटनही त्यांच्याच हातून व्हावं. रविवारी त्यांनी आपल्या गाडीतून पुलावरून यावं. आम्ही पलीकडच्या काठावर हार घेऊन उभे राहतो."

सभागृहात हशा उसळला. शेवंताताई मात्र हसल्या नाहीत. अध्यक्षांनी मंत्र्यांकडे पाहिलं. "रविवारी जाताय ना?"

मंत्री चष्मा पुसत राहिले. "उत्तर दुरुस्त करून देतो," ते शेवटी म्हणाले.

त्या दिवशी शेवंताताईंचा एकही शब्द वगळावा लागला नाही. मागे घ्यावा लागला तो मंत्र्यांचा.