बापाच्या हातचे सूप

पुष्कळ जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ज्या राज्यात ती घडली त्याचे नाव सांगणाराही आज कोणी उरलेला नाही. त्या राज्यात नदीकाठी बुरुडांची एक वस्ती होती, आणि त्या वस्तीत एक बुरूड, त्याची बायको आणि त्यांची एकुलती एक लेक राहत असत.

वस्तीची एक चाल होती. मुलगी सासरी निघाली की बाप स्वतःच्या हाताने विणलेले सूप तिला देई. त्यात धान्य घेऊनच ती सासरचा उंबरा ओलांडी. अंगावर सोने असो नसो, सूप हवेच. सासरच्या बायका ते उलटून पाहत. विणीवरून हात कुणाचा ते त्यांना कळे.

या बुरुडाच्या लेकीचे लग्न येत्या माघात करायचे ठरले, आणि त्याआधीच्या पावसाळ्यातच त्याच्या बोटांचे सांधे सुजले. सकाळी मूठ मिटेना. बांबूची कामटी हातात धरली की कळ कोपरापर्यंत जाई. सुपासाठी आणलेला बांबू दाराशी तसाच उभा राहिला.

गावात एक म्हातारा वैद्य होता. गोड बोलण्याची त्याला सवय नव्हती. त्याने बोटे दाबून पाहिली आणि म्हणाला, "हे दुखणं जायचं नाही. रोज सकाळी कोमट तेल लाव, हात शेकून घे, आणि ऊन चढेपर्यंत थोडं थोडं काम कर. ठणका कमी होईल. पार थांबणार नाही."

"म्हंजी मी बरा न्हाई हुनार?"

"बरा नाही. पण कामापुरता राहशील."

बुरुडाला हे पटले नाही. कुणाला पटेल? जन्मभर ज्या बोटांवर पोट भरले ती आता अशीच राहणार, हे ऐकून घरी येऊन मुकाट्याने तेल तापवायला मोठे काळीज लागते. त्याला 'जाईल' म्हणणारा हवा होता, आणि असा माणूस शोधला की सापडतोच.

नदीपलीकडे एकाने मुळी उगाळून दिली आणि तेल बंद करायला सांगितले. दुसऱ्याने मधमाश्यांचे डंख देवविले आणि मुळी फेकून द्यायला लावली. तिसऱ्याने मनगटात तांब्याचे कडे घातले आणि माश्यांचे नाव ऐकून कपाळाला हात लावला. आधीचा चुकला होता, यावर मात्र सगळ्यांचे एकमत होते.

प्रत्येकाचे पथ्य निराळे. एकाने डाळ तोडली, दुसऱ्याने भात तोडला, तिसऱ्याने मीठ. शेवटी खायला उरली ती भाकरी, आणि तीही थंड खायची की गरम यावर वाद होता. बायको रोज नवे पथ्य रांधी, गाठोडे डोक्यावर घेऊन नवऱ्यामागून नव्या गावाला जाई, आणि परत येऊन लेकीच्या लग्नाची तयारी करी. दुखणे एकाचे असते, पण दमते सगळे घर. ती फार दमली होती, आणि हे तिला कुणी विचारलेही नाही.

डोंगरावरच्या एका बाईच्या काढ्याने मात्र त्याला खरोखरच उतार पडला. मूठ अर्धी मिटू लागली. पण तेवढ्यात बाजारात कुणीतरी सांगितले, की उत्तरेला एक जण आहे, त्याच्या लेपाने दुखणे मुळासकट उपटून निघते. बुरुडाने लगेच वहाणा घातल्या.

बायको दारातच बसली. "अवो, बांबू भिजल्याबिगर वाकत न्हाई, ह्ये तुमीच समद्यांना सांगता. मंग या काढ्याला जरा येळ द्या की."

"लगीन तोंडावर आलंया. थांबायला येळ कुठं हाय?"

"मंग मी न्हाई येत. माझ्या पायात आता जीव न्हाई."

तो एकटाच गेला. एक ना धड, भाराभर चिंध्या, तशी त्याच्या औषधांची गत झाली होती.

तो परतला तो लग्नाच्या दिवशी सकाळी. दोन्ही हातांना बोटांपासून मनगटापर्यंत लेप होता आणि वर फडकी घट्ट बांधलेली होती. पुनवेपर्यंत सोडायची नाहीत, अशी ताकीद होती.

लग्न लागले. शेजारच्या बुरुडाने दिलेले सूप आईने धान्याने भरले. लेक निघाली तेव्हा बापाच्या पाया पडली आणि म्हणाली, "बा, डोईवर हात ठेव."

त्याने हात ठेवला. तिला नुसते फडके लागले. सूप उचलताना तिचे डोळे भरले, आणि ते त्याने पाहिले. सासरच्या बायका विचारतील तेव्हा हिला काय सांगावे लागेल, हेही त्याला समजले.

वऱ्हाड गेले. बुरुडाने दातांनी गाठी सोडल्या आणि लेप धुऊन काढला. आतली बोटे होती तशीच सुजलेली होती. मांडवात म्हातारा वैद्य अजून बसला होता. बुरूड त्याच्यापुढे जाऊन बसला.

"बाबा, खरं सांगा. तुमचं ऐकलं असतं, तर या बोटांनी एक सूप इनायला किती दिस लागले असते?"

वैद्याने बोटे हातात घेतली. "रोज थोडं थोडं म्हटलं, तर दिवाळीच्या आत झालं असतं."

"आन् बोटं?"

"बोटं दुखलीच असती," वैद्य म्हणाला. "सूप मात्र झालं असतं."

बायकोने बुरुडाला हाताला धरून उठवले आणि घरात नेले.

लहानांनो आणि थोरांनो, या गोष्टीतून घ्यायचे ते एवढेच: दुखण्यावर उपाय जरूर शोधावा, पण ते जाईल तेव्हा जगू म्हणून आजचे काम आणि आपली माणसे वाट पाहत ठेवू नयेत.